कॉम्प्युटर लवकर बंद करायचाय? आधी कोण अडवतंय ते शोधा

संध्याकाळी शट डाउन दाबायचं, दोन मिनिटं स्क्रीनवरचं गोल फिरताना बघायचं आणि गाडी चुकेल म्हणून शेवटी बोर्डाचं बटण खटकन बंद करायचं. परळच्या सीए ऑफिसपासून डोंबिवलीच्या क्लासपर्यंत हा रोजचा कार्यक्रम आहे. ज्यांना बटण दाबायचा धीर होत नाही, ते यूट्यूबवर बघून रजिस्ट्रीतले, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतले, आकडे बदलतात. कॉम्प्युटर लवकर बंद होतो खरा, पण दोन्हीकडे धोका एकच: काहीतरी अर्धवट लिहिलेलं राहतं आणि ते दुसऱ्या दिवशी, कधी तर महिन्याभराने कळतं.

बंद होताना विंडोजचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. एखादं प्रोग्रॅम विचारतंय की फाइल सेव्ह करू का, एखादी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारं प्रोग्रॅम) थांबायला तयार नाही, एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखी वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) उत्तरच देत नाही. हा अडवणारा सापडला की वेळ आपोआप कमी होतो. खालचे टप्पे त्याच्या शोधासाठी आहेत आणि क्रमानेच करायचे आहेत. लोक हमखास थेट पाचव्यावर, म्हणजे रजिस्ट्रीवर, उडी मारतात.

सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच ठेवली आहेत.

## तयारी

दिवस नीट निवडा. ३१ जुलैच्या आसपास रिटर्न भरायची धावपळ चालू असताना ऑफिसच्या मशीनला हात लावू नका. शनिवारची दुपार बरी.

१. कामाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

२. रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग्ज आजच्या स्थितीत परत आणता येतात. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. पुष्कळ मशीनवर सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन मुळातच ऑफ असतं. आधी 'कॉन्फिगर'मधून ते ऑन करा, मग 'क्रिएट' दाबा.

३. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हाताशी हवा. 'तो कॉम्प्युटरवाल्या मुलाकडे आहे' असं असेल तर आधी त्याला फोन करा.

४. एक कागद आणि मोबाइलचं स्टॉपवॉच.

सावधान: 'पीसी फास्ट' करून देणारी फुकटातली सॉफ्टवेअर या कामासाठी टाकू नका. ती पुढे दिलेले आकडे तुम्हाला न विचारता बदलतात, शिवाय स्वतः सतत चालू राहून बंद होण्याच्या वेळात भरच घालतात.

## टप्पा १: वेळ मोजा, तीन तुकड्यांत

'फार वेळ लागतो' एवढ्यावरून काही कळत नाही. दोन-तीन दिवस, रोजच्या सुटायच्या वेळी, रोजची सगळी प्रोग्रॅम वापरून झाल्यावर मोजा. रिकाम्या मशीनवर मोजलं तर आजार दिसणारच नाही.

स्टॉपवॉचवर तीन वेळा नोंदवायच्या:

- पहिला तुकडा: शट डाउन दाबल्यापासून डेस्कटॉप जाईपर्यंत. इथे वेळ जात असेल तर संशय उघड्या प्रोग्रॅमवर.
- दुसरा तुकडा: 'शटिंग डाउन' आणि फिरतं गोल दिसतंय तोपर्यंत. संशय सर्व्हिसवर, अपडेटवर किंवा नेटवर्कवर.
- तिसरा तुकडा: स्क्रीन काळी झाल्यापासून सीपीयूचा दिवा आणि पंखा थांबेपर्यंत. संशय ड्रायव्हर, फास्ट स्टार्टअप (टप्पा ६ बघा), यूएसबीला लावलेल्या वस्तू किंवा खुद्द डिस्कवर.

सगळ्यांत जास्त चूक तिसऱ्या तुकड्यात होते. स्क्रीन काळी झाली म्हणजे काम झालं असं समजून बटण बंद केलं जातं. मॉनिटर आधी झोपतो आणि आतलं लिखाण त्यानंतरही चालू असू शकतं. बंद झाल्याची खूण म्हणजे सीपीयूच्या पुढच्या बाजूचा पॉवरचा दिवा विझणं.

माझा ढोबळ अंदाज असा: एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) असेल आणि फार गर्दी नसेल तर दहा-वीस सेकंद, जुनी हार्ड डिस्क असेल तर अर्धा ते एक मिनिट. एवढ्यात काम होत असेल तर इथेच थांबा. आणखी पाच सेकंद वाचवण्यासाठी पुढची खटपट करण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: अपडेटची गोष्ट वेगळी काढा

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र. म्हणून त्यानंतरच्या एक-दोन संध्याकाळी मशीन बंद व्हायला जास्त वेळ लागला तर तो दोष नव्हे. त्या दिवसाचं मोजमाप कागदावर घेऊ नका.

सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, अडकलेलं सगळं पूर्ण होऊ द्या, दोनदा रीस्टार्ट करा आणि मग मोजा. हे दुपारी जेवणाच्या वेळेत उरकलं तर संध्याकाळी 'अपडेट अँड शट डाउन' समोर येणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे तिथे अपडेट येतच नसतील आणि तरीही मशीन रेंगाळत असेल, तर कारण दुसरीकडे आहे.

सावधान: स्क्रीनवर टक्केवारी दिसत असताना वीज तोडू नका. लॅपटॉपवर अपडेट चालू करायच्या आधी चार्जर लावा.

## टप्पा ३: उघडी प्रोग्रॅम

पहिला तुकडा लांबत असेल तर स्क्रीनवर बहुतेक वेळा नाव लिहूनच येतं: अमुक ॲप बंद होण्यात अडथळा आणतंय, आणि खाली दोन बटणं, 'शट डाउन एनीवे' आणि 'कॅन्सल'. घाईत हात पहिल्याकडे जातो. कॅन्सल दाबा. परत डेस्कटॉपवर या आणि ते प्रोग्रॅम काय विचारतंय ते बघा. 'सेव्ह करायचं का?' ही चौकट पुष्कळदा दुसऱ्या खिडकीच्या मागे लपलेली असते.

बंद करायचा क्रम:

१. वर्ड, एक्सेल, पेजमेकिंगच्या फाइली सेव्ह करून बंद.

२. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या 'क्विट' किंवा 'एक्झिट'ने बंद. कोपऱ्यातल्या फुलीने नको, शट डाउनवर सोडून देणं तर नकोच. गल्ला मोजायच्या आधी शटर ओढल्यासारखं ते होतं.

३. प्रिंटरच्या रांगेत काही अडकलं आहे का ते बघून रद्द करा.

४. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं 'सिंकिंग' संपू द्या. मोठी फाइल अगदी निघताना सेव्ह केली असेल तर हाच पाहुणा शेवटपर्यंत बसून राहतो.

५. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढा.

६. आता शट डाउन.

एवढ्यानेच फरक पडला तर उघडी प्रोग्रॅम जास्त होती हाच निष्कर्ष. मग टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स' उघडा आणि सकाळी आपोआप चालू होणारी, पण तुम्ही न वापरणारी प्रोग्रॅम 'डिसेबल' करा. गाणी, गेम, मीटिंगची ॲप्स, प्रिंटर कंपनीचे 'शाई संपत आली' सांगणारे आगंतुक: ही खुशाल काढा. अँटीव्हायरस, टचपॅड आणि डिजिटल सहीच्या डोंगलचं सॉफ्टवेअर राहू द्या. मराठी टायपिंगचा कीबोर्ड चालवणारं प्रोग्रॅमही याच यादीत असतं. ते बंद केलंत तर डीटीपीवाल्याचा सकाळी सातला फोन येईल.

तपासा: अँटीव्हायरस एकच आहे ना? जुन्याची मुदत संपली म्हणून नवा टाकला आणि जुना तसाच राहिला, असं सर्रास असतं. जुना रीतसर अनइन्स्टॉल करा.

डेस्कटॉपवर कोणी 'झटपट बंद'चा शॉर्टकट करून दिला असेल तर त्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट' वाचा. त्यात शटडाउनच्या आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि एफ दिसलं, तर तो सगळी प्रोग्रॅम न विचारता बंद करतो. आणखी एक खोच अशी की एफ नसलं, पण शून्यापेक्षा मोठी वेळ दिलेली असली, तरीही विंडोज तीच बळजबरी गृहीत धरतं. म्हणजे 'दहा सेकंदांनी बंद कर' असा साळसूद दिसणारा शॉर्टकटही सेव्ह न केलेलं काम घालवू शकतो. असा शॉर्टकट डिलीट करा.

## टप्पा ४: गुन्हेगाराचं नाव काढा

दुसरा तुकडा लांबत असेल तर अंदाज बांधण्यापेक्षा विंडोजची डायरी वाचा.

१. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून राइट-क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

२. डावीकडे या वाटेने जा: 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', 'ऑपरेशनल'.

३. 'इव्हेंट आयडी'च्या रकान्यात २०० शोधा. बंद व्हायला किती वेळ लागला ते तिथे मिलिसेकंदात असतं. ५४,००० दिसलं तर ५४ सेकंद.

४. त्याच वेळेच्या आसपास २०१ ते २०३ च्या नोंदी आहेत का बघा. २०३ म्हणजे एखाद्या सर्व्हिसने वेळ खाल्ला. नाव आतच लिहिलेलं असतं.

एकदा दिसलेलं नाव सोडून द्या. तीन-चार दिवस तेच नाव येत असेल तर ते प्रोग्रॅम अपडेट करा. तरीही भागलं नाही तर काढून पुन्हा टाका.

इथे नोंद सापडेलच असं नाही. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'सिस्टिम' इथे 'डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस' हा पर्याय 'एनेबल्ड' करा. मग नुसत्या 'शटिंग डाउन'ऐवजी सध्या काय थांबवलं जातंय ते स्क्रीनवर दिसतं. ज्या ओळीवर गाडी अडते, तिचा मोबाइलवर फोटो काढा.

नाव तरीही हाती लागलं नाही तर निम्मे-निम्मे करत जायचं. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून 'सर्व्हिसेस'वर जा, खालच्या 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर आधी खूण करा, आणि उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करा. रीस्टार्ट करा, नेहमीचं काम करा, बंद करताना मोजा. वेळ कमी झाला तर गुन्हेगार बंद केलेल्या निम्म्यांत. नाहीतर दुसऱ्या निम्म्यांत.

सावधान: ती खूण विसरून सगळं बंद केलंत तर पुढच्या वेळी पिनने लॉग-इनसुद्धा न होण्याची पाळी येते. शोध संपल्यावर बाकीच्या सर्व्हिस पुन्हा चालू करा. लोक हे विसरतात आणि आठवड्याने 'प्रिंटर का चालत नाही' म्हणून विचारतात.

## टप्पा ५: रजिस्ट्रीतले आकडे बदलायचे नाहीत, मूळ जागी आणायचे

'रेजएडिट' उघडल्यावर आधी 'फाइल'मधून 'एक्सपोर्ट' करून प्रत ठेवा. आपण इथे एवढंच बघणार आहोत की कोणी आधी हात मारून ठेवला आहे का.

वेटटूकिलसर्व्हिसटाइमआउट. 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टिम', 'करंटकंट्रोलसेट', 'कंट्रोल' इथे सापडतं. बंद होताना विंडोज सर्व्हिसना किती वेळ देतं ते हा आकडा ठरवतो. आजच्या विंडोजमध्ये तो ५००० असतो, म्हणजे ५ सेकंद. व्हिडिओत सांगतात, 'तो २००० करा'. हिशोब करून बघा: फार तर तीन सेकंद वाचली. तुमचं मशीन तीन मिनिटं घेत असेल तर त्याचं मूळ या पाच सेकंदांत असणं शक्यच नाही. उलट क्लिनिकचं किंवा दुकानाचं सॉफ्टवेअर मागे डेटाबेस चालवत असेल, तर त्याला शेवटचं लिखाण संपवायला हीच सेकंदं लागतात. आकडा ५००० पेक्षा कमी दिसला तर परत ५००० करा.

ऑटोएंडटास्क्स. 'एचकी करंट यूजर', 'कंट्रोल पॅनेल', 'डेस्कटॉप' इथे. ही नोंद नसेल किंवा ० असेल तर ठीक. १ असेल तर विंडोज 'सेव्ह करायचं का?' याचं उत्तर येईपर्यंत थांबत नाही, प्रोग्रॅम मारून टाकतं. ० करा.

क्लिअरपेजफाइलॲटशटडाउन. पहिल्याच वाटेने 'कंट्रोल'पर्यंत जाऊन 'सेशन मॅनेजर', 'मेमरी मॅनेजमेंट'. इथे १ असेल तर मात्र खरोखर घबाड सापडलं. दर वेळी बंद होताना अख्खी पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) शून्यांनी पुसली जाते. पेजफाइल काही जीबींची आणि डिस्क जुनी, तर यातच मिनिटं जातात. घरच्या मशीनवर ० करा. ऑफिसच्या मशीनवर आधी आयटीवाल्यांना विचारा, कारण गोपनीय कामाच्या ठिकाणी हे मुद्दाम चालू ठेवलेलं असू शकतं.

## टप्पा ६: फास्ट स्टार्टअप

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हणजे पूर्ण बंद असं राहिलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवून ठेवतं आणि सकाळी तिथून उचलतं. सकाळचा वेळ वाचतो, संध्याकाळी मात्र लिखाण वाढतं. जुन्या हार्ड डिस्कवर ते जाणवतं. शिवाय एखादा ड्रायव्हर या प्रकाराशी जुळत नसेल तर स्क्रीन काळी आणि पंखा मात्र फिरतोच आहे, असं होतं.

खूण सोपी आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', 'सीपीयू', खाली 'अप टाइम' बघा. रोज बंद करूनही तिथे कित्येक दिवस दिसत असतील तर फास्ट स्टार्टअप चालू आहे.

एकदा तपासण्यासाठी शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. त्या वेळेपुरतं मशीन पूर्ण बंद होतं. तिसरा तुकडा असा लहान झाला तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. एसएसडीवर माझं मत ते काढूनच टाकावं असं आहे, कारण सकाळी फारसा फरक पडत नाही. हार्ड डिस्कवर सकाळ लांबेल. संध्याकाळी गाडी धरायची की सकाळी लवकर बसायचं, ते तुम्ही ठरवा.

## टप्पा ७: बाहेरच्या वस्तू, शेजारचं मशीन, डिस्क

प्रिंटर, स्कॅनर, बाहेरची डिस्क, डोंगल असं सगळं काढून एकदा बंद करून बघा. फरक पडला तर एकेक परत लावत मोजा. सापडलेल्या वस्तूचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून घ्या.

लहान ऑफिसात एक कारण फार वेळा सापडतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांचा डेटा एका मशीनवर शेअर केलेला असतो आणि त्या मशीनवर बसणारा माणूस साडेपाचलाच बंद करून विरारची गाडी धरतो. मागे राहिलेल्यांची मशीन त्या नाहीशा झालेल्या फोल्डरला हाका मारत बसतात. उपाय कागदावर लिहून भिंतीला लावायचा: आधी बाकीची मशीन, डेटाचं मशीन सगळ्यांत शेवटी. यात डेटाही वाचतो, कारण दुसऱ्याने फाइल उघडी ठेवली असताना मूळ मशीन बंद करणं हे बटण बंद करण्याइतकंच वाईट.

एवढं करूनही तिसरा तुकडा लांब असेल तर डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. 'गुड' सोडून दुसरा शेरा दिसला तर वेग विसरा, आधी बॅकअप. नंतर लॅमिंग्टन रोडला किंवा जवळच्या दुकानात जाऊन एसएसडी घ्या. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीएमई (एसएसडीचा एक वेगवान प्रकार) डिस्कवर 'अनसेफ शटडाउन्स' असा आकडा असतो. तो आज लिहून ठेवा आणि महिन्याने बघा. वाढलेला असेल तर कोणीतरी अजून बोर्डाचं बटण दाबतंय.

## टप्पा ८: खरोखर थांबायला वेळ नसेल तेव्हा

बटणापेक्षा बरे मार्ग आहेत. शट डाउन दाबून मॉनिटर बंद करा आणि निघा, सीपीयू आपला आपण बंद होईल. बोर्ड बंद करायचाच असा ऑफिसचा नियम असेल तर ते काम शेवटी कुलूप लावणाऱ्याला सांगा: दिवा विझलाय हे बघून, आधी यूपीएस, मग बोर्ड. 'स्लीप'वर टाकून बोर्ड मात्र कधीही बंद करू नका. डेस्कटॉपचं स्लीप विजेवर जगतं. 'हायबरनेट' चालतं, तेही दिवा विझल्यावरच.

लॅपटॉप गोल फिरत असतानाच झाकण लावून बॅगेत कोंबू नका. बंद होणं मध्येच अडकलं तर कल्याणपर्यंत तो आत तापत जातो.

मुंबईत लोडशेडिंग नाही म्हणून यूपीएसवर खर्च करायला लोक कुरकुरतात. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी विजेचा ग्रिड बंद पडला तेव्हा लोकलसकट सगळं थांबलं होतं, आणि पावसाळ्यात फ्यूज उडायला ग्रिडची गरज नसते. यूपीएसला सीपीयू आणि मॉनिटर लावा. लेझर प्रिंटर लावू नका, तो एका झटक्यात इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

आणि मशीन खरंच गोठलं तर? डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबा. टक्केवारी दिसत असेल तर थांबाच. दहा-पंधरा मिनिटं कसलीच हालचाल नसेल तेव्हा सीपीयूचं पॉवर बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरा. बोर्डाचं नको. पुन्हा चालू केल्यावर लगेच कामाला लागू नका. 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' करून डिस्क तपासा. हिशेबाचा डेटा उघडून शेवटच्या दोन-चार नोंदी जागच्या जागी आहेत का बघा. त्या दिसत नसतील तर नवीन काही टाकायच्या आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा, कारण अर्धवट फाइलीवर नवं लिहिलं गेलं की जुनं परत मिळवणं कठीण होतं.